गाडीखालची परात

जेवणं उरकली, कंदील बारीक केला, तेव्हा आकारामतात्यांनी पोरांना जोतीरामची हकिकत सांगितली. जोतीराम त्यांचा मावसभाऊ. पलूसला लालासाहेबांच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता.

चौऱ्याहत्तर सालची खंडेनवमी. त्या दिवशी पुजलेली गाडी दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, अशी त्या घरची रीत. जोतीरामनं थोरल्या मालकांची, म्हणजे लालासाहेबांच्या वडलांची, जुनी रेसची गाडी पुसली, हार घातला. दोनच सीटा, वर टप नाही. ती ऑइल गाळायची, म्हणून तिच्याखाली कायम एक परात असे. तीही त्यानं राखेनं घासून कोरडी ठेवली. थोरले गेले तेव्हा लालासाहेबांनी देवाचा भंडारा उचलून त्याला शब्द दिला होता, तू हायस तवर ही गाडी हाय.

पूजा झाली आणि लालासाहेबांनी त्याला नवी व्हॅन घेऊन साताऱ्याला पिटाळलं. पंपाचा पार्ट आणायचा होता. व्हॅन उद्या पूज, म्हणाले.

व्हॅन गुणाची. दहा माणसं घ्यायची, चढाला कुरकुर नाही, ऑइलचा एक थेंब गाळायची नाही. पण जोतीराम म्हणायचा, हिच्यात बसलं की झोप येती, तिच्यात बसलं की छाती फुगती.

साताऱ्यात त्याला सांजेपर्यंत बसवून दुकानदार म्हणाला, असला पार्ट आमच्याकडे कुणी सांगितलाच नाही. जोतीराम रिकाम्या हातानं परत निघाला.

रात्री साडेअकराला वाटेतलं ताकारी गाव मागं पडलं. मागून दोन दिवे आले. डावा पिवळा, मंद. त्या दिव्याची वायर जोतीरामनंच जोडलेली.

त्यानं व्हॅन कडेला घेतली.

गाडी शेजारून पुढं गेली. गळ्यात सकाळचाच हार.

सीटवर...

कुणी नव्हतं.

लालासाहेब ओसरीवर जागेच होते.

"मालक, पुजलेली गाडी कुणी काढली?"

त्यांनी मान खाली घातली. "तू गेलास आन् भंगारवाला टोचन लावून वढत घेऊन गेला. दुपारी कापली बी, जोतीराम."

"म्हंजी मला साताऱ्याला..."

लालासाहेबांनी शेजारच्या कंदिलाची वात सारखी केली.

"भंडारा उचलला हुता तुमी, मालक."

जोतीराम पायरी चढून वर आला.

"मग आत्ता माज्या म्होरनं गेली, ती..."

लालासाहेबांनी वर पाहिलं.

जोतीराम कंदील घेऊन गॅरेजात गेला. गाडी नव्हती. परात तेवढी जागेवर.

परातीत ऑइल होतं.

त्यानं बोट बुडवलं.

तात्या थांबले. पोरं पुढं सरकली.

"गरम हुतं," तात्या म्हणाले. "लांबनं चालवून आणलेल्या गाडीचं असतंय, तसं."