पलंगापासून सहा पावलं

लोक तिला मांडणीवाल्या बाई म्हणायचे. बावीस वर्षं फर्निचरच्या दुकानात सोफे विकताना तिच्या लक्षात आलं होतं, की माणसं सोफा घ्यायला येतच नाहीत. घरातली एखादी कटकट त्यानं मिटेल, या आशेनं येतात. मग तिनं दुकान सोडलं, फेंगशुई शिकून घेतली आणि लोकांच्या घरी जाऊन आहे तेच सामान नीट लावून द्यायला लागली. नवरा चिडवायचा, “आधी ओझं विकायचीस, आता ओझं हलवतेस.” पण तिच्या हाताला गुण होता. ती येऊन गेली की घरात बरं वाटायचं, एवढं खरं.

त्या सोमवारी तिला एका मुलीनं बोलावलं. मुलगी म्हणजे चाळिशीची, दातांच्या दवाखान्यात नोकरीला. चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, त्यात ती आणि तिचे वडील. त्यांना सगळे अप्पा म्हणत. चष्म्यांचं दुकान होतं त्यांचं, वर्षापूर्वी बंद केलेलं. आई जाऊन तीन महिने झाले होते.

“अप्पा धड जेवत नाहीत,” मुलगी दारातच दबक्या आवाजात म्हणाली. “घर कसं खायला उठतं. आईसाठी हे असं सगळं लावलं होतं. आता आईच नाही, तर ती मांडणीही नको. बदलून टाका.”

बाईंनी घर पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. सगळं सामान भिंतींना चिकटवलेलं. मधली जागा रिकामी, जणू एखाद्या कचेरीचा व्हरांडा. आतल्या खोलीत पलंगाचा पायथा थेट दाराकडे, आणि त्या दारातून बाल्कनीपर्यंत एक सरळसोट मोकळी वाट. साधं पायपुसणंसुद्धा नव्हतं.

“घरातल्या शक्तीला आम्ही ‘ची’ म्हणतो,” तिनं समजावलं. “ती ओढ्यासारखी वळणं घेत वाहायला हवी. तुमच्याकडे ती इकडून शिरते आणि तिकडून पळून जाते. थांबायला तिला जागाच नाही.”

सकाळभर खपून तिनं घर बदललं. पलंग आडवा फिरवून त्याचं उशाकडचं टोक भक्कम भिंतीला लावलं. सोफा पुढे ओढला. मधोमध एक बुटकं गोल टेबल आणि आतल्या खोलीच्या दाराबाहेर रुंद पानांच्या झाडाची कुंडी ठेवली. बाल्कनीत पाच नळ्यांची झुलती घंटा टांगली. अप्पा खुर्चीत बसून बघत होते. एकदाच म्हणाले, “ते टेबल… तिथंच ठेवायला हवं का?”

“अप्पा, त्यांना करू द्या ना,” मुलगी म्हणाली.

गुरुवारी मुलीचा फोन आला. कुंडी दोनदा पडली होती. टेबल सकाळी असतं तिथं संध्याकाळी नसतं. “अप्पा म्हणतात, काही नाही, काही नाही. पण कालपासून ते रडताहेत हो.”

बाई दुपारी गेली तेव्हा मुलगी कामावर होती. अप्पांनी दार उघडलं आणि ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. फरशीला उतार असेल, असं बाईंच्या मनात होतं. पर्समधून काचेची गोटी काढून तिनं ती जमिनीवर ठेवली. गोटी जागची हलली नाही. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं.

घड्याळात चार वाजले. आतल्या खोलीत पलंग करकरला.

“अप्पा… आत कुणी आहे?”

अप्पांनी ओठांवर बोट ठेवलं.

अनवाणी पावलं होती. हळू, अख्खा तळवा टेकवत टाकलेली. एक… दोन… तीन… आणि लाकडावर थड् असा आवाज झाला. थोडा वेळ काहीच नाही. मग भिंतीवरून तळहात घासत यावा तशी खरखर. दारातली पानं थरथरली, कुंडी फरशीवर खरडत सरकली. मलमाचा उग्र वास आला, मुक्या मारावर चोळतात तसल्या. बाईंच्या डोळ्यांसमोर कुणीच नव्हतं. तरी पावलं मोकळ्या जागेत आली, पुढं सरली आणि गोल टेबल जोरात हललं. पाठोपाठ दातांतून ओढून घेतलेला श्वास ऐकू आला. पुष्कळ लागलंय पण सांगायचं नाही, अशा माणसाचा श्वास.

“तिला लागतंय हो…” अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “रोज लागतंय तिला.”

आवाज थांबल्यावर ते बोलले. “अकरा वर्षं तिला दिसत नव्हतं. शेकडो लोकांना मी चष्मे दिले, पण हिच्या डोळ्यांना चालेल अशी काच काही मला मिळाली नाही. मग निदान घर तरी तिच्यासाठी लावलं. पलंगापासून दारापर्यंत सहा पावलं, दारापासून बाल्कनीपर्यंत नऊ. चारला उठायची, मोजत जायची, उन्हात बसायची. गेली, तरी यायची थांबली नाही.”

“तुम्ही सोमवारी बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? पोरगी म्हणाली असती, अप्पांचं डोकं फिरलं. तिला वाटतं मी दुःखानं जेवत नाही.” ते ओशाळं हसले. “दुपारी चार वाजेपर्यंत घास उतरत नाही. वाट बघतो ना.”

बाईंना पळून जावंसं वाटत होतं. पण तो आत ओढलेला श्वास कानातून जाईना. तिनं पदर खोचला आणि आधी ते टेबल उचललं. मग कुंडी, सोफा, आणि शेवटी दोघांनी मिळून पलंग. अप्पा डोळे मिटून पावलं मोजत होते. “अजून बोटभर डावीकडे… हां. बस.”

संध्याकाळी मुलगी आली आणि बघतच राहिली. “तुमची आधीची मांडणीच बरोबर होती,” बाई म्हणाली. “माझं चुकलं.” मुलगी काही विचारणार होती, पण अप्पा ताट पुढ्यात ओढून जेवत होते. तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा गेली. कुणी बोलावलं नव्हतं. स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. अप्पांनी स्वतः चहा केला. चार वाजले. पलंग करकरला.

सहा पावलं. दाराशी जरासं थांबणं. मग पुढची नऊ. अप्पा ओठांतल्या ओठांत मोजत होते, “…सात, आठ, नऊ.” कुठेही अडखळणं नाही. बाल्कनीत वारा पडलेला होता, तरी तिथली घंटा किणकिणली. अनोळखी वस्तू बोटांनी चाचपावी तशी, एकेक नळी.

“तेवढी राहू द्या हां,” अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “आवडली तिला.”

बाईंचे डोळे भरून आले. हातातला कप तिनं पायाजवळ फरशीवर ठेवला आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

आतल्या खोलीत पलंग पुन्हा करकरला.

बाल्कनीत घंटा अजून वाजत होती. एक नळी… दुसरी नळी…

“अप्पा…”

“ती तर बाहेर आहे,” अप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं.

ही पावलं हलकी होती, भराभर येणारी. दाराशी थांबली नाहीत. बाल्कनीकडे वळली नाहीत. मोकळी जागा ओलांडून ती सरळ खुर्च्यांकडे आली आणि कपापाशी येऊन थबकली. क्षणभर काहीच झालं नाही. मग कपाला जराही धक्का न लावता, त्याला वळसा घालून ती बाईंच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

“हलू नका,” अप्पा पुटपुटले. “ही दुसरीच कुणीतरी आहे. हिला… दिसतंय.”