उलटी बसलेली काच

खरं तर तिला जाड पडदे घ्यायचे होते. चुकून शेजारच्या दुकानाचं दार ढकललं आणि हा खिडकीवाला गळ्यात पडला.

"पडदा ऊन आत आल्यावर अडवतो," तो म्हणाला होता. "चांगली काच ते बाहेरच अडवेल."

झालं! काच निवडण्यात महिना गेला. एकेरी की दुहेरी, साधी की लेप दिलेली... तिनं एक पसंत करावी, की हा म्हणणार, "थांबा, तुमच्याकडचं संध्याकाळचं ऊन बघून सांगतो." विकायला बसलाय की अडवायला, देव जाणे. शेवटी दुहेरी, लेपवाली ठरली. लेप उष्णता बाहेर परतवतो म्हणे. ऑपरेशननंतर आई उद्या याच पश्चिमेच्या खोलीत राहायला येणार होती, आणि काच बसूनही खोलीची नुसती भट्टी झाली होती.

तिनं फोन करून त्याला बोलावून घेतलं.

"हात लावून बघा," ती म्हणाली. "महिनाभर डोकं खाल्लंत ते यासाठी?"

त्यानं लायटर पेटवून काचेसमोर धरला. दोन काचांच्या चार बाजूंच्या चार ज्योती दिसल्या, त्यातली एक लालसर.

"लालसर दिसते तिथे लेप. तो बाहेरच्या काचेला हवा," तो ओशाळून म्हणाला. "इथे आतल्या काचेला आहे. मी... उलटी बसवली."

"रोज हेच काम करता ना?"

"हो. पण रोज शिडी धरायला तुम्ही नसता."

तिचा राग कुठल्या कुठे गेला, आणि तो गेला म्हणून ती आणखीच वैतागली.

"माझी आई उद्या येतेय," ती म्हणाली. "आधी काच सरळ करा."

काच उतरवताना दुसरी कड तिनं धरली. बोटांना बोटं लागली... पण काच जड, हात काढणार कसा? काच फिरवून चौकटीत टेकवल्यावर मात्र, त्याचं लक्ष पुन्हा उडू नये म्हणून, ती मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

ऊन कलून थेट काचेवर आलं, तरी खोली खरंच निवली. त्यानं हत्यारं आवरली.

"आता यायला निमित्त उरलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे इतके दिवस निमित्तंच काढत होतात?"

"काही खरी होती."

"एका खिडकीला महिना का लागला, हे आई विचारणारच. मी तिच्याशी खोटं बोलत नाही."

"मग?"

"मग उद्या या आणि तुम्हीच सांगा तिला," ती करवादली. "पण आधी मला सांगा. नीट, पूर्ण वाक्यात."

त्यानं सांगितलं. वाक्य काही पूर्ण झालं नाही, पण तिनं एवढ्यापुरती तक्रार केली नाही.