लाल पानांचं बी

“खरं सांग दक्षा, बी कुठं घालवलंस?” वरवंटा पाट्यावर तसाच ठेवून सोनीबाईंनी सुनेच्या हातातल्या हिरव्या फांदीकडे बोट दाखवत विचारलं...

लाल पानांची तुळस म्हणजे आशागडच्या या घराचा मान. पूजेची नव्हे हो, खायची! धाकटी डहाणूच्या बंदरावरून आणलेल्या सुक्या बोंबलांची चटणी त्या पानांशिवाय सोनीबाईंच्या घशाखाली उतरायची नाही. त्यांच्या नवऱ्याने, सुकऱ्याने, मोठ्या हौसेने ती परसात लावली होती. तो गेल्यावर दर वर्षी बी राखायचं काम थोरल्या सुनेकडे, दक्षाकडे आलं. आणि यंदा त्याच बियांची रोपं हिरवीगार निघाली.

“माहेरी उधव्याला पाठवलंस ना? अन् इथं बाजारचा सब्जा पेरलास.” सासूचा आवाज चिरकला. “नाहीतर मग नव्या सुनेचा पायगुण म्हणायचा.”

दाराशी उभी निलम पांढरीफटक पडली. धाकट्या मुलाची, विनोदची ही बायको यंदाच्या उन्हाळ्यातच या घरात आली होती.

दक्षाला सगळं ठाऊक होतं. त्या लग्नाआधी नवी खोली हवी म्हणून उन्हातली आपली बाग तिनेच हसत मोकळी करून दिली आणि वाफा मागे, चिकूच्या दाट सावलीत नेला. ऊन नाही तर लाली कुठली, वास कुठला! पण हे बोलायचं तर बोट त्या खोलीकडे, म्हणजे पुन्हा त्या पोरीकडेच जाणार... नवरा महिनोन्‌महिने बोटीवर. बाजू घेणारं कोण होतं? दक्षाने फांदी पाट्याशेजारी ठेवली.

“बी मीच बदललं, आई.”

त्या दिवसापासून सोनीबाईंनी तिच्याशी अबोला धरला, चटणीच्या पाट्याला हात लावू दिला नाही. दक्षा माउलीने तेही सोसलं.

निलम मात्र गप्प बसणारी नव्हती. बाग आधी कुठं होती ते तिने विनोदकडून काढून घेतलं, आणि दक्षाच्या वाफ्यातली एक फांदी सासूदेखत खुडली. “बघून ठेवा आई, ही ताईंचीच.” पाण्यात तिला मुळं फुटली, तशी तेलाच्या डब्यात लावून खोलीच्या स्लॅबवर भर उन्हात ठेवली.

दिवाळीच्या तोंडावर तिने डबा खाली आणला. खालची पानं हिरवी, वरची सगळी गर्द लाल!

“ऊन माझ्या खोलीने खाल्लं, आई. ताईंनी ते आम्हाला दिलं, अन् वर आळही स्वतःवर घेतला.”

सोनीबाईंनी पान चुरगळून हुंगलं. तोच लवंगेसारखा वास... त्यांचे डोळे वाहू लागले.

“कार्टे, खोटं तरी कुणासाठी बोललीस,” त्या म्हणाल्या आणि दक्षाला त्यांनी छातीशी धरलं.

त्याच दुपारी विनोदने सगळी रोपं डब्यांतून, फुटक्या बादल्यांतून स्लॅबवर चढवली. चटणी सोनीबाईंनी स्वतः वाटली. रोज सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या दक्षाला त्यांनी हाताला धरून पहिल्या पाटावर बसवलं, गरम भाकरीवर चटणीचा गोळा ठेवला.

“आधी तू. मग आम्ही.”

सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. दक्षाने घास चावला, डोळे पुसले, आणि कितीतरी दिवसांनी मान वर करून बोलली.

“मीठ कमी आहे, आई.”

सासूने मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली.