हाकेला ओ

स्कॅन सेंटरमधल्या कपडे बदलायच्या खोलीला कडी होती, पण मी ती लावलीच नाही. त्यात माझी काय चूक? शनिशिंगणापुरात वाढले मी. आमच्या घराला दार नाही, नुसता पडदा. कडी लावायची असते हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं.

दार उघडलं… समोर एक उंच मुलगा, माझ्यासारखाच निळा झगा घातलेला. झटकन पाठ फिरवून तो भिंतीकडे बघत उभा राहिला. कान लालबुंद.

"कडी लावायला काय झालं हुतं?"

"आमच्याकडं न्हाई लावत. शिंगणापूरची हाय मी."

"मग घरात लोक येतात कसे?"

"बाहेरून हाक मारायची. आतून ओ आली की यायचं."

तो हसला. त्या दिवसांत मला एकाचे दोन दिसायचे, म्हणून तोही दोनदा दिसला. दोघंही आवडले, खोटं कशाला बोलू!

रविराज त्याचं नाव. सुप्याच्या एका कंपनीत फिटर. खांदा दुखावला होता, त्याचा रिपोर्ट साधा निघाला. माझा नाही. मेंदूच्या देठाशी, जिथून श्वास चालतो तिथंच, रक्तवाहिन्यांचा गुंता होता. थोडं रक्त झिरपूनही गेलं होतं. तिथं सुरी चालवणं शक्य नव्हतं, म्हणून पुण्याला रेडिओसर्जरी केली. डोक्याला चार स्क्रूंनी चौकट बसवली, किरण सोडले, टाका एकही नाही.

"गुंता बंद व्हायला तीनेक वर्षं लागतील," डॉक्टर म्हणाले. "तोवर रक्तस्रावाचा धोका आहे तेवढाच राहील."

एव्हाना रविराज आणि मी रोज फोनवर बोलत होतो. तो पुण्याला आला, तेव्हा मी त्याला सांगून टाकलं, "तीन वर्षांनी ये. असले तर बघू."

"अन् तवर?"

"तवर दुसरी बघ. लई मिळतील."

त्यानं माझ्या कपाळावरच्या स्क्रूच्या खुणेवर हलकेच बोट ठेवलं. "मला न्हाई जमायचं ते," एवढंच म्हणाला. मला रडूच फुटलं.

दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. सुप्याच्या खोलीवर आले, तर बाथरूमच्या दारावर कडीच्या जागी चार भोकं.

"आत पडलीस तर दार तोडत बसू व्हय?" तो म्हणाला.

बाहेरच्या दाराला मी दिवसभर पडदाच ठेवायची. तो कामावरून आला की पायरीवरून हाक मारायचा, मी आतून ओ द्यायची, मगच तो आत यायचा. आमचा खेळच होता तो… निदान मला तसं वाटायचं.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी पाऊस लागून राहिला होता. "ज्ञानू!" हाक आली. मी पडद्याआडच उभी होते. म्हटलं, जरा गंमत करू. गप्प राहिले. एक… दोन… तीन…

दुसरी हाक आलीच नाही. काहीतरी खणकन पडलं. पडदा सारला, तर जेवणाचा डबा उपडा आणि रविराज पायरीवर बसलेला, पावसात भिजत. आत यायची हिंमतच झाली नव्हती त्याची.

"ओ!" मी म्हणाले. "अहो, ओ! हाय मी… हितंच हाय!"

त्यानं वर बघितलं नाही. "पुन्ना असं करू नको," म्हणाला. मी तशीच पावसात त्याच्याजवळ बसून राहिले.

तीन वर्षं भरायला अजून सोळा महिने आहेत. आता मी हाकेची वाट बघत नाही. गल्लीच्या तोंडाशी त्याची गाडी वाजली की आधीच ओ देते.