हिमोग्लोबिन एकशे अडुसष्ट

बुरुल्चा आपाला विष तुम्ही दिलंत. होय, तुम्हीच, गेल्या वर्षी खुर्चीत बसून ज्यांनी एका कागदावर सही केली आणि मग चहा मागवला. आपा तुम्हाला माहीत नाही. म्हणून ही हकिकत सांगतो. पोलिसांच्या कागदात ती चार ओळींत उरकलेली आहे.

बारा ऑगस्टच्या सकाळी पोलीस कॅप्टन झूराकानला जिल्ह्याच्या रुग्णालयातून फोन आला.

"वरच्या कुरणातून एक म्हातारी आणलीय. ताप हटत नाही, तोंडभर फोड. मुलगी म्हणते, सुनेनं विष घातलं. तुम्ही या, नाहीतर इथे मारामारी होईल."

झूराकान पोचली तेव्हा आपा काचेमागच्या खोलीत होती. वय त्रेसष्ट. घरातले सगळे तिला आपा, म्हणजे आई, म्हणत. जन्मभर लोकरीच्या नमद्यांचे गालिचे शिवून आणि वर सांध्यांचं दुखणं लागून बोटं वाकडी झालेली. आत जायला कुणालाच परवानगी नव्हती.

बाहेर मुलगी दामिरा पिशवी घेऊन तयारच होती. झूराकान वयाने मोठी, म्हणून तिला सगळे एजे म्हणत.

"हे बघा, एजे." तिने उशीचा पांढरा अभ्रा काढला. त्यावर नारिंगी डाग होते. "माणसाचा घाम असा असतो? लघवीही अशीच. अजून काय पुरावा पाहिजे?"

"विष घालून सुनेला काय मिळणार?"

"हिला शहरात राहायला जायचंय. आपा नको म्हणत होती. बोर्सोकचे गोळे तळताना पिठात कालवलं असेल काहीतरी."

भिंतीला टेकून उभी असलेली सून, जार्किन, पहिल्यांदाच बोलली. "त्यातले दहा तुमच्या भावानं खाल्ले, दामिरा एजे. त्यालाही मारायला निघाले होते का मी?"

"ऐका. जीभ बघा हिची."

झूराकानने दामिराला बाकावर बसवलं आणि जार्किनला खिडकीपाशी नेलं. दामिराची तक्रार लेखी होती. संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर या पोरीला कोठडीत टाकावं लागणार होतं. जार्किनला ते ठाऊक होतं.

"गोळ्या कोण देत होतं?"

"मीच."

"कशा द्यायचीस?"

"जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, अख्ख्या. कुटायच्या नाहीत, असं मे महिन्यात, वर कुरणात जायच्या आधी, मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आपाच्या आतड्याला सूज, रक्त पडायचं. त्यातूनच गुडघे आणि बोटं धरलेली. दोन्हीला एकच गोळी, सल्फासलाझिन."

"गुण आला?"

"रक्त पडायचं थांबलं. जुलैत आपा परत सुई धरायला लागली. मला म्हणाली, तुझे टाके उसवून पुन्हा घालते, बघवत नाहीत." जार्किन थोडं हसली आणि लगेच थांबली. "सहा दिवसांपूर्वी घसा धरला. ताप चढला."

"मग?"

"टेकडीवर चढले, तिथेच रेंज येते. दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ताप आला, घसा दुखला, तोंड आलं तर गोळी थांबवा आणि लगेच रक्त तपासा. म्हणून विचारलं, थांबवू का? फोनवर होते त्यांनी आपाची फाइल काढली. म्हणाले, दोन दिवसांपूर्वीचं रक्त उत्तम आहे. सर्दी असेल. चालू ठेवा."

"आणि तू चालू ठेवल्यास."

"ठेवल्या. वर घशासाठी बिज्जूची चरबी पाजली."

तेवढ्यात जार्किनचा नवरा मिरलान चहाची किटली घेऊन आला. दर पंधरा दिवसांनी खाली येऊन तोच गोळ्या घेऊन जायचा. ऑगस्टचं ऊन, सगळ्यांनी बाह्या दुमडलेल्या. याच्या सदऱ्याची बटणं मनगटापर्यंत लावलेली होती. झूराकानने ते पाहिलं आणि चहा घेतला.

वॉर्डच्या डॉक्टरने अभ्र्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"डाग विसरा. या गोळीने घाम, लघवी नारिंगी होते. त्यानं काही बिघडत नाही. बिघडलंय ते वेगळंच. हिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात. फार थोड्या लोकांना ही गोळी असं करते. म्हणून तर पहिले तीन महिने दर पंधरवड्याला रक्त बघायचं. पेशी उतरायला लागल्या की गोळी बंद."

"मग बघितलं नाही?"

"सहा वेळा बघितलंय. सगळे रिपोर्ट छान. पेशी कधीकधी फार झपाट्यानं पडतात."

"आणि हिमोग्लोबिन?"

"त्याचं काय?"

झूराकानने फाइल त्याच्यापुढे सरकवली. गोळी सुरू झाली त्या दिवशी, बारा मेला, लिटरमागे एकशे दोन ग्रॅम. सव्वीस मेला एकशे अडुसष्ट. चार ऑगस्टला एकशे सहासष्ट. आज शहाण्णव.

डॉक्टरने आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं.

"मधे कुठे रक्तस्राव झाला?" झूराकानने विचारलं.

"नाही. आतडं शांत आहे."

"शीर सापडली का हिची?"

मागून नर्स म्हणाली, "मुश्किलीनं. दोन्ही हात कोरे होते. सुईची एकही जुनी खूण नाही."

झूराकानने तिघांना एकत्र बसवलं.

"विष कुणी घातलेलं नाही. डाग गोळीचा आहे. जार्किनला जे सांगितलं तेच तिनं केलं, आणि थांबवू का म्हणून विचारणारीही तीच एकटी. तिला चुकीचं उत्तर मिळालं, कारण फाइल खोटी होती. सहा वेळा रक्त तपासलं, पण ते आपाचं नव्हतं. पंधरा दिवसांत एकशे दोनचं एकशे अडुसष्ट होत नाही. ते रक्त उंच डोंगरात राहणाऱ्या, धडधाकट पुरुषाचं आहे. मिरलान, बाही वर कर."

मिरलानने बाही वर केली. कोपराच्या आत पिवळा पडत आलेला डाग होता. शेजारी बारीक टोचांची रांग.



"आपाला आठ तास घोड्यावर बसवत नाही, एजे," तो म्हणाला. "गुडघे बघितलेत ना तिचे? पूर्वी रक्त घ्यायला गाडी वर यायची. गेल्या वर्षी बंद केली. आणि रिपोर्ट दाखवल्याशिवाय गोळ्या देत नाहीत."

"दवाखान्यातली नर्स काही बोलली नाही?"

"म्हणाली, बुरुल्चा हे बाईचं नाव ना रे? मी म्हटलं, गोळ्या बंद पडल्या तर ती पुन्हा रांगायला लागेल. मग तिनं खिडकीकडे बघत सुई टोचली."

"आणि ताप आला तेव्हा? तेव्हाही गप्प राहिलास?"

मिरलानला प्रश्नच कळला नाही, असं वाटलं.

"काय सांगायचं होतं? मी तिच्याच पोटचा. माझ्यात तिचंच रक्त आहे. माझं चांगलं निघालं म्हणजे तिचंही चांगलंच असणार. मला सात पिढ्यांची नावं पाठ आहेत, एजे. आईचं रक्त बिघडलेलं आणि मुलाचं चांगलं असू शकतं, हे नाही कुणी शिकवलं."

दामिराने अभ्रा घडी करून पिशवीत घातला. परत काढला. पुन्हा घातला.

"मला सांगायचंस," जार्किन म्हणाली. "मी टेकडीवरून सांगितलं असतं त्यांना. एवढंच तर करायचं होतं."

जार्किन सुटली. झूराकान अहवाल लिहायला बसली. त्यात एक रकाना असतो, दोषी व्यक्तीचं नाव. आईवर जीव असलेल्या मुलाचं नाव तिला तिथे लिहवेना. नर्सचंही नाही. तिने तुमच्या आदेशाचा क्रमांक लिहिला. गाडी बंद, ही त्यातली पहिली ओळ. रिपोर्टशिवाय गोळी नाही, ही दुसरी. दोन्ही एकाच कागदावर, खाली एकच सही. वाचता न येणारी.

अहवाल वरिष्ठांकडून परत आला. शेरा होता, क्रमांक चालणार नाही, व्यक्तीचं नाव द्या. आठवड्याची मुदत. नाही दिलं तर मिरलानचं लिहिलं जाईल.

आपा अजून काचेमागे आहे. पेशी परत येतील, किंवा येणार नाहीत. मिरलान रोज सकाळी बाही वर करून डॉक्टरसमोर उभा राहतो. म्हणतो, माझं घ्या, हवं तेवढं घ्या. डॉक्टर रोज सांगतो, त्याचा इथे उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो.

मुदत शुक्रवारी संपते. चालता न येणाऱ्या बाईनं रक्त कुठे द्यायचं होतं? सही करताना हा प्रश्न तुम्हाला पडला होता का? पडला असेल तर गाडी का बंद केलीत? नसेल पडला, तर त्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं? सांगा.