पाटाखालचं नाव

धनेशचं लग्न झालं ते दोन हजार नऊ साल. वैशाखात सून घरात आली आणि आषाढात नवराबायको पणजीला त्याच्या नोकरीवर निघून गेली. आचऱ्याच्या घरात उरले दोघंच. गुडघे धरून बसलेले त्याचे वडील गुरुदास मास्तर आणि त्यांची धाकटी मुलगी मथुरा. म्हणून त्या वर्षी गणपतीचा पाट मसुऱ्याच्या शाळेत पोचवायचं काम मथुराच्या वाट्याला आलं.

शाळा म्हणजे मुलांची नव्हे, गणपतीची. आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणायची रीत जुन्या घरांत नाही. घरचा लाकडी पाट, खाली घरातल्या कर्त्याचं नाव लिहिलेला, महिना-दीड महिना आधी शाळेत नेऊन ठेवायचा. मूर्तिकार त्याच पाटावर माती चढवतो. कोणाचा गणपती उंदरावर, कोणाचा कमळात, कोणाचा मोरावर. आज्याने बसवला तसाच नातवाने पुजायचा. विसर्जनाला मूर्ती पाण्यात जाते आणि पाट ओला होऊन घरी परत येतो.

तर मथुरा पाट घेऊन एसटीत चढली. बाहेर सरीवर सर, आत ओल्या छत्र्यांचा वास. बसायला जागा नाही. एका वळणावर गाडी कलंडली आणि पाटाचा कोपरा शेजारी बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर जाऊन आदळला.

"आई गे!" तो कळवळला.

"लागला काय वो?"

"नाय, गुदगुल्यो झाल्यो." त्याने पाट तिच्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला. खालून बघितलंसुद्धा नाही, नुसता हात फिरवला. "फणसाचो. डावो कोपरो तुटलेलो. म्हणजे आचऱ्याचे गुरुदास मास्तर. गणपती उंदरार, सोंड डावी, शेलो हिरवो."

मथुरा बघतच राहिली. "तुमका कसा म्हायत?"

"पाट माका माणसांपेक्षा लवकर ओळखूक येतत." तो हसला. त्याच्या नखांत निळा रंग भरलेला होता. "मी लवू. गेल्या वर्षी काका गेलो, आता शाळा मीच बघतंय. बस हंय."

तो उठून उभा राहिला. कंडक्टर पुढून ओरडला, "गो बाय, पाटाचा तिकीट काढलंस?"

"पाट माझो आसा," लवू म्हणाला. "तिचा तिकीट तेवढा काढ."

गाडी हसली. मथुराने खिडकीकडे तोंड फिरवलं… पण काचेत तोच दिसत होता.

त्यानंतर मास्तरांचे निरोप फार वाढले. शेला जरा गडद हवा. उंदराची शेपटी लहान नको. मास्तरांना यातलं अर्धंही ठाऊक नव्हतं. आठवड्यातून दोनदा मथुरा मसुऱ्याला जाऊ लागली. शाळेत लवूची काकी राधाबाई माती मळत बसलेली असायची. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही. तिसऱ्या फेरीला म्हणाली, "बाय गो, तुमच्या उंदराची शेपटी आता मसुऱ्यापासून आचऱ्यापर्यंत पोचली. अजून किती लांब करूची?"

लवूने मान खाली घालून ब्रश धुतला. ब्रश आधीच स्वच्छ होता.

मथुराही मग रिकामी बसेना. रंग कालवायची, वाळलेल्या मूर्तींवरून पाणकागद फिरवायची, तो मागेल तो पाट उचलून द्यायची. पाऊस कौलांवर वाजत राही आणि दोघं बोलत राहत.

"गणपती झाले की काय करतंस?" तिने एकदा विचारलं.

"पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवी. आता सगळे फ्लेक्स लावतत. होड्यांची नावा आसत, दशावताराचे मुकुट आसत… बाकी दिवस वाट बघतंय."

"कोणाची?"

"पुढच्या गणपतीची." मग थोडं थांबून, "— ह्या वर्षापासून आणखी एकाची."

मथुराच्या हातातला रंग पातळ झाला. पाणी जास्त पडलं होतं.

"आणि तुझ्या घरात गणपती खंयचो?"

"काकीचा घर वेगळा. एकट्याच्या घरात कोण आणता? मोदक कोण वळतला? मी दुसऱ्यांचेच करतंय."

पण एक गोष्ट तो सांगत नव्हता. ती राधाबाईंनी सांगितली. तळेऱ्याला प्लास्टरचे तयार गणपती विकणारा एक व्यापारी लवूच्या मागे लागला होता. मुंबईजवळच्या कारखान्यात ये, नुसते डोळे आख, बारा महिने पगार. दसऱ्याला लवू जाणार होता. शाळेला कुलूप लागणार आणि पुढच्या वर्षी कोणाचाच पाट तिथे येणार नाही.

"कित्या जातंस?" मथुराने त्याला धरलंच.

"बारा म्हयन्यांचो पगार असल्याशिवाय तुझे बाबा माका दारात तरी उभो करतीत?"

लवूने हात पुढे केला. "देसायांचो पाट दी." तिने दिला. तो तिच्याकडे बघत होता, ती त्याच्याकडे. पाटाकडे कोणीच बघत नव्हतं. त्याने माती बसवली, आणि एकदा माती बसली की पाटाखालचं नाव दिसत नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मास्तर टेम्पो घेऊन स्वतः आले. तुटक्या कोपऱ्यावरून पाट त्यांनी लगेच ओळखला. मग वर बघितलं आणि काठीवर दोन्ही हात ठेवले.

"लवू, ह्यो कोण?"

"गणपती, मास्तर."

"तां माका दिसता. कोणाचो?"

त्यांच्या पाटावर देसायांचा मोर बसला होता, पिसारा खाली सोडून, ऐटीत. आणि देसायांच्या पाटावर हिरव्या शेल्याचा, उंदरावरचा. कच्ची माती, पाटावरून काढावी तर मूर्ती मोडेल. पाट मथुराने दिला होता.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात लवू बोलला. "चूक माझी, मास्तर. ध्यान खंय होता कोण जाणे."

मास्तरांनी चाळीस वर्षं मुलांच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या. ही त्यांना दुरुस्त करता येईना. "पाटार बसलो तो आमचो," ते म्हणाले. "घेवन जातंय. पण पुढल्या वर्षी आमचो पाट हंय येवचो नाय."

पिढ्यान्पिढ्यांचा पाट काढून घेणं म्हणजे मूर्तिकाराच्या तोंडावर दार लावणं. लवूचा चेहरा उतरला. देसाई माणूस भला, हसत हसत उंदीर घेऊन गेला. पण लवू हसला नाही.

विसर्जन झालं, पाट ओला होऊन घरी आला. पडवीत तो वाळत ठेवताना मथुरा म्हणाली, "बाबा, पाट मी दिललो. चूक माझी."

"तू थंय काय करी होतंस?"

ती कोरडा झालेला पाट पुन्हा पुसू लागली. मास्तरांना उत्तर मिळालं.

"अडीच म्हयन्यांचो कलाकार तो! उरलेलो वर्षभर तुका काय खावक घालतलो?"

"तुमका पण मे म्हयन्यात सुटीच होती, बाबा. आमी उपाशी रव्हलो काय?"

मास्तर आत निघून गेले. नकार मात्र मागे ठेवून गेले.

दसऱ्याच्या सकाळी लवू ब्रश बिस्किटांच्या डब्यात भरत होता. दारात पावलं वाजली. मथुरा उभी होती, केसांवर पावसाचे थेंब, छातीशी एक पाट. नवाकोरा, फणसाचा, अजून लाकडाचा वास येत होता. शिकवणीच्या पैशातून तिने सुताराकडून करून घेतला होता.

"शाळा बंद झाली," लवू म्हणाला. "गाडी दुपारची आसा."

"ह्यो एक पाट ठेवन घे आणि मगे जा."

त्याने सवयीने पाट उलटा केला. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. "नाव खंय?"

"तू घाल."

"कोणाचा घालू?"

तिने पाटावरचा थेंब बोटाने पुसला. "तुझा… मोदक मी वळतलंय."

लवूने पाट पुन्हा उलटा केला. मग आतून राधाबाईंचा आवाज आला, "मेल्या, ब्रश डब्यात भरलंस तो भायर काढ! चेडू भिजता थंय!"

गाडी गेली. लवू गेला नाही.

माघात लग्न झालं. मास्तरांनी अक्षता टाकल्या त्या तोंड फुगवूनच. दिवस सोपे नव्हते. लवू होड्यांवर नावं घालायचा, मुकुट करायचा, तारकर्लीला पाहुण्यांच्या घरांच्या भिंती रंगवायचा. मथुरा मुलांना चित्रकला शिकवायला त्याला बसवायची आणि फी स्वतः मागायची, कारण त्याला मागायची लाज वाटे. पोटापुरतं मिळत गेलं.

पुढच्या आषाढात एसटी थांबली आणि काठी टेकत मास्तर उतरले. काखेत तुटक्या कोपऱ्याचा पाट. "चेडवाच्या घराक मोकळ्या हातान कसो येव?" एवढंच म्हणाले.

लवूने त्या वर्षी डोळ्यांत तेल घालून उंदीर केला. त्यानंतर दरवर्षी केला. मास्तर येत, मूर्तीकडे बघत, काहीतरी बोलायला तोंड उघडत… आणि "बरो झालो" म्हणून टेम्पोत बसत. असं बारा वर्षं चाललं.

तेराव्या आषाढात पाट घेऊन मथुराचा भाऊ धनेश आला. लवूने तो उलटा केला आणि मथुराला हाक मारली. तिच्या आजोबांच्या नावाखाली पेन्सिलीने, मास्तरी वळणदार अक्षरात तीन ओळी होत्या.

मूर्ती मोरावर करणे.
उंदीर नको.
चूक सुधारू नये.

मथुराने पाट मांडीवर घेतला. लवूने माती भिजत घातली.

गुरुदास मास्तर त्या आषाढाआधीच, दोन हजार बावीसच्या माघ वद्य पंचमीला, आचऱ्याला राहत्या घरी वारले.