माझं लाकूड ओलं नाही

गावातल्या दुकानातली ड्यूटी संपवून मी घरी आले, तर आमच्या छपरावर एक परका माणूस उभा!

जानेवारीतली दुपार. पारा शून्याच्या खाली सत्तावीस, पापण्यांवर दंव साचलेलं… आणि हा गृहस्थ धुरांड्यापाशी कमरेवर हात ठेवून अख्खी दरी न्याहाळत होता, जसं काही घर त्याच्याच आजोबांनी बांधलंय.

"ओ! वर काय चाललंय?" मी ओरडले.

त्यानं खाली वाकून पाहिलं. काजळीनं माखलेलं तोंड, त्यात फक्त डोळे आणि दात दिसत होते. "धुरांडं झाडतोय. नगरपालिकेचा माणूस मी, आस्लाक. आणि तुम्ही कोण?"

"मी सुनिवा. इथे राहते!"

"मग ठीक. मला वाटलं चोर आला."

"चोर मोठ्यानं हाका मारत येतात का?"

"आमच्या गावचे नाही येत. तुमच्याकडची पद्धत मला अजून माहीत नाही." तो हसला आणि शिडीवरून उतरू लागला.

नवीनच होता तर. नगरपालिकेची चिठ्ठी आठवड्यापूर्वी आलेली, पण बाबांनी ती वर्तमानपत्राखाली ठेवून मला त्याबद्दल सांगितलंच नव्हतं. सकाळपासून शेगडी मात्र त्यांनी विझवून ठेवली होती. मी आत जाऊन कॉफी ठेवली. आमच्या ओस्टरडालच्या दरीत घरात आलेल्या माणसाला कॉफी न देता सोडलं, तर त्याची चर्चा दरीच्या दुसऱ्या टोकाला आपल्याआधी पोचते.

आस्लाक तळघरात गेला, धुरांड्याचं खालचं लोखंडी दार उघडलं आणि मला हाक मारली. बॅटरीच्या उजेडात आतल्या भिंती काळ्या काचेसारख्या चमकत होत्या.

"डांबर आहे हे," तो म्हणाला. "एक ठिणगी पुरे, धुरांडं पेटेल आणि मागोमाग घर. हे कशानं होतं, माहितीये ना? ओलं लाकूड जाळलंत की…"

"काय म्हणालात?"

"ओलं लाकूड."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पारा शून्याखाली सत्तावीस असतानासुद्धा!

ते का, हे सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी जंगलात पडतं बर्चचं झाड बाबांच्या खांद्यावर आलं आणि त्यांची कुऱ्हाड कायमची सुटली. मी ट्रोंडहाइम शहरातली औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून परत आले. पहिला हिवाळा आम्ही विकतच्या लाकडावर काढला आणि बाबा चार महिने कुणाच्या नजरेला नजर देईनात. मग गेल्या एप्रिलमध्ये, पालवी फुटायच्या आत, मी एकटी जंगलात गेले. झाडं पाडली, ओंडके ओढून आणले, फोडले, गोठ्याच्या भिंतीला थप्पी लावली. गोळ्या मोजणारी पोरगी लाकडं काय फोडणार, असं दुकानात माझ्या तोंडावर बोलले लोक. ऑक्टोबरात तेच लोक गाडी हळू करून माझी थप्पी बघत होते. एकही फाटी वाकडी नव्हती. आयुष्यात मला इतका अभिमान कशाचाच वाटला नाही, शाळेतल्या पहिल्या नंबराचाही नाही.

आणि हा काळतोंड्या म्हणतो, ओलं!

"चला," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता चला."

मी त्याला थप्पीपाशी नेलं. दोन फाट्या काढून एकमेकींवर वाजवल्या. टण्ण! वाळलेलं लाकूड घंटेसारखं वाजतं, ओलं नुसतं धप्प करतं. त्यानं भुवया उंचावल्या.

"आवाज चांगला आहे. पण आवाजानं…"

"थांबा."

मी स्वयंपाकघरातून भांड्यांचा साबण आणला, एका फाटीच्या टोकाला चोपडला आणि दुसरं टोक त्याच्या तोंडासमोर धरलं. "फुंका."

"मी?"

"लाकडावर आळ तुम्ही घेतलात, फुंकणार पण तुम्हीच."

त्यानं गाल फुगवून फुंकर घातली. हातभर लाकडाच्या आरपार हवा गेली आणि पलीकडच्या टोकाला फेस आला. एक मोठा बुडबुडा फुगला, सुटला… आणि वाऱ्यानं फिरून त्याच्याच नाकावर फुटला. काजळीत एक गुलाबी ठिपका उमटला. मी हसू दाबलं. त्यानं नाही दाबलं, तो खळखळून हसला, आणि मला उगाचच हातमोजे नीट करावेसे वाटले.

शेवटी त्यानं खिशातून ओल मोजायचं यंत्र काढून फाटीत टोचलं. पंधरा टक्के. याहून वाळलेलं बर्च या दरीत कुणाकडे असेल तर मला दाखवावं.

"माफी मागतो," तो म्हणाला, अगदी टोपी काढून. "तुमची आणि… लाकडाचीही."

"लाकूड माफ करेल. माझं सांगता येत नाही."

"मग डांबर आलं कुठून?"

आम्ही दोघं आत आलो. बाबा बिडाच्या शेगडीशेजारच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांनी वर्तमानपत्र फारच उंच धरलं होतं. आस्लाक शेगडीपुढे उकिडवा बसला, हवेच्या झडपेवर बोट ठेवलं. झडप जवळजवळ पूर्ण बंद होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"मी कामावर जाताना ती पूर्ण उघडी ठेवते," मी म्हणाले. "रोज."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"तू गेलीस की मी लावतो," बाबा म्हणाले. "मग एक फाटी चार तास पुरते."

"बाबा! हवा कोंडली की धूर आतच गोठतो, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?"

"शिकवलं, हो. पण तेव्हा लाकूड मी फोडत होतो." त्यांनी दुखरा खांदा चोळला. "तुझ्या हातांना फोड आलेले मी पाहिलेत, सुनिवा. मी इथे आयता बसून ते भसाभस कसं जाळू? मन होत नाही गं…"

मनात राग होता, रडूही होतं, आणि परक्या माणसासमोर दोन्हीची चोरी. आस्लाक उठून खिडकीपाशी गेला आणि बाहेर काही नसताना बाहेर बघत राहिला. तेवढ्यासाठी मी त्याला अर्धं माफ केलं.

पण खरी अडचण पुढेच होती. डांबर निघून पुन्हा तपासणी होईपर्यंत शेगडी पेटवायला बंदी, आणि डांबर काढून घ्यायला नगरपालिकेची रांग पंधरा दिवसांची. इकडे हामारच्या बोर्गहिल्ड आत्यानं बाबांसाठी एक फ्लॅट बघून ठेवला होता. फरशीच गरम होते म्हणे तिथली, लाकूड नको आणि धूर नको. महिनाअखेर होय-नाही कळवायचं होतं. माझं आणि बाबांचं ठरलेलं होतं, हा हिवाळा मी घर उबदार ठेवू शकले तर ते इथेच राहतील, नाही तर निघतील. आणि बाबांना या घरातून उचलून गरम फरशीवर ठेवणं म्हणजे काय, ते मलाच माहीत.

आस्लाकनं कागद काढला. पेन हातात धरून थांबला.

"काही म्हणायचं नाहीये तुम्हाला?"

"कशाबद्दल?"

"लोक म्हणतात… चार दिवस बघू, जरा कानाडोळा करा…"

"डांबर आहे ना?"

"आहे."

"मग लिहा."

त्यानं लिहिलं. सही करताना खाली बघतच म्हणाला, "शनिवारी मला सुट्टी आहे. डांबर खरवडायच्या साखळ्या माझ्या स्वतःच्या आहेत. दोर धरायला कुणीतरी हट्टी माणूस हवं."

"इथे मिळेल," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

तीन दिवस आम्ही एका छोट्या विजेच्या हीटरवर काढले. बाबा दोन स्वेटर आणि लोकरी टोपी घालून बसायचे. खिडक्यांवर आतून बर्फाची फुलं उमटली. शुक्रवारी आत्याचा फोन आला आणि बाबा तिला "विचार करतो" म्हणाले. याआधी ते कायम "नाही" म्हणत. मी ताटं विसळत होते, तिथंच हात थबकले.

शनिवारी सूर्य डोंगरावर आला तेव्हा आम्ही छपरावर होतो. आस्लाकनं धुरांड्यात साखळी सोडली, ती गरगर फिरवली, आणि आत काचा फुटल्यासारखं डांबर खळाखळा खाली कोसळू लागलं. दोर माझ्या हातात होता. दर थोड्या वेळानं त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा. छप्पर अरुंद होतं… पण इतकंही नव्हतं.

"मी ऑक्टोबरात इथे रुजू झालो," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात ही थप्पी दिसली. तेव्हापासून ऑफिसला याच रस्त्यानं जातो."

"तुमचं ऑफिस तर नदीपलीकडे आहे."

"हो. लांब पडतं."

मी दोर उगाचच घट्ट केला. "थप्पीवरून माणूस कळतो म्हणतात आमच्यात. काय कळलं?"

"वाटलं, कुणी सत्तरीचा म्हातारा असेल. कडक, कधी न हसणारा. मग एक दिवस तुम्ही पाठमोऱ्या दिसलात, एकच फाटी पुन्हा पुन्हा काढून नीट बसवत होतात. पाच वेळा."

"सहा," मी म्हणाले. "आणि न हसणारी तेवढं खरं आहे."

"बुडबुड्याच्या वेळी हसलात."

"दाबलं होतं मी!"

"दिसलं तरी."

थंडीनं माझे गाल आधीच लाल होते, हे किती बरं झालं! दुपारपर्यंत चार बादल्या डांबर निघालं. जाताना त्यानं फक्त एवढंच विचारलं, "सोमवारी तपासणी ठेवू ना?" मी हो म्हणाले आणि रविवारभर कोणता स्वेटर घालायचा याचा विचार केला. सत्तावीस वर्षांच्या बाईनं हे कबूल करू नये, पण करते.

सोमवारी गाडी आली. मी निळा स्वेटर सारखा करून दार उघडलं… दारात हिल्दुर काकू! नगरपालिकेतल्या सगळ्यात जुन्या, साठीच्या.

"तो कुठाय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मलाही नमस्कार," काकू म्हणाल्या आणि सरळ तळघरात उतरल्या.

माझं मन खट्टू झालं. छपरावरच्या गोष्टी छपरावरच राहिल्या तर. मी बाबांकडे बघितलंच नाही.

काकू वर आल्या, हात धुतले, कॉफी घेतली. "कोऱ्या पाटीसारखं स्वच्छ आहे. पेटवा शेगडी." सही केली आणि मग चष्मा लावला. "आता एक कागद वाचून दाखवते. तपासणाऱ्याचा घराशी काही संबंध असेल तर त्यानं लेखी कळवून बाजूला व्हायचं, असा नियम आहे."

"हो, शनिवारी त्यांनी स्वतः साफ केलं ना, म्हणून."

"ते कारण इथे नाही." काकूंनी घसा साफ केला. "'या घरातल्या सुनिवाबद्दल मला जे वाटतं, ते पाहता माझा निर्णय निःपक्षपाती राहील अशी हमी मी देऊ शकत नाही. आस्लाक.' खाली तारीख. एकतीस वर्षांच्या नोकरीत असा कागद मी पहिला पाहिला. आज सकाळी आठला अख्ख्या ऑफिसनं वाचलाय, शिपायापासून साहेबापर्यंत."

बाबांना हसताना खोकला आला की खोकताना हसू, कळलं नाही. माझे मात्र कान पेटले. असा संताप आणि असा आनंद एकाच वेळी कधी झालाय का कुणाला?

शेगडी मी रचली. जाड फाट्या खाली, बारीक ढलप्या वर. काडी बाबांनी ओढली, झडप सताड उघडी ठेवून. पिवळी ज्योत उभी राहिली, बिडाची शेगडी टिकटिक करत तापू लागली. बाबांनी टोपी काढली. मग वरचा स्वेटर काढला. दोन्ही तळवे शेगडीकडे धरून म्हणाले, "बोर्गहिल्डला फोन लाव. म्हणावं, गरम फरशी तुलाच लखलाभ. माझी लेक घर तापवते." आवाज इतका मोठा होता की फोनची गरजच पडली नसती.

"एक फाटी चार तास?" मी दरडावलं.

"एक तास," ते म्हणाले. "शपथ. ऐटीत जाळीन."

हिल्दुर काकू बूट चढवत होत्या. "खाली रस्त्यावर एक गाडी उभी आहे," त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या. "मघापासून. त्या गाडीत हीटर चालत नाही."

मी टोपी न घालताच धावले. तो गाडीबाहेर उभा राहून आमच्या धुरांड्याकडे बघत होता. वर धूर असा नव्हताच, फक्त थरथरणारी ऊन हवा. वाळलेलं लाकूड मोकळ्या हवेत जळतं तेव्हा असंच दिसतं.

"तुम्ही ऑफिसला आधी सांगितलंत!" मी धापा टाकत म्हणाले. "मला सोडून सगळ्यांना!"

"ऑफिससाठी नियम होता… काय लिहायचं, कुठे सही करायची." त्याचा चेहरा आज धुतलेला होता आणि कानांपर्यंत लाल झाला होता. "तुमच्यासाठी काहीच नियम नव्हता. म्हणून भीती वाटली."

नाकातोंडातून आमच्या दोघांच्या वाफा निघत होत्या आणि मधेच एक होत होत्या.

"आस्लाक, ऐक," मी म्हणाले. "एप्रिलमध्ये मी जंगलात जाणार आहे. गेल्या वर्षी एकटी गेले होते. या वर्षी तू ये."

"येईन," तो लगेच म्हणाला. मग थांबला. या दरीतलं कुठलंही पोर जे जाणतं, ते त्याच्याही ध्यानात आलं असावं. "पण एप्रिलमध्ये तोडलेलं लाकूड… ते पेटतं पुढच्या हिवाळ्यात."

"हो."

"म्हणजे तू मला पुढच्या हिवाळ्यात…"

"त्याच्या पुढच्याही. जळण कायम दोन वर्षांचं ठेवावं."

त्यानं माझे उघडे, गारठलेले हात आपल्या हातांत घेतले. तळव्यांवरचे घट्टे त्याच्या बोटांना लागले, ते मी लपवले नाहीत.

"फक्त एक," मी म्हणाले. "थप्पी मीच लावणार."

"लाव," तो म्हणाला. "मी एकेक फाटी हातात देत जाईन. सहा वेळा परत दिलीस तरी."